काविळीचा हिशेब

पुण्यात सूस रोडवर एनआयव्हीचं, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेचं एक आवार आहे. २०२० पर्यंत आमच्या कॅबमधल्या कुणालाही आत काय चालतं याचा पत्ता नव्हता. मग करोना आला आणि एनआयव्ही हे नाव घरोघरी पोचलं. पण संस्था जुनी आहे. १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून पुण्यात 'व्हायरस रिसर्च सेंटर' काढलं, १९७८ साली त्याला आजचं नाव मिळालं. मग करोनाच्या आधीची अडुसष्ट वर्षं ही मंडळी काय करत होती?

बरंच काही. आजच्या लेखात त्यातलं एकच काम घेतोय. विषय कावीळ. आणि माणूस म्हणजे डॉ. विद्या अरणकल्ले, ज्यांनी एनआयव्हीत या एका आजाराचा पंचवीसेक वर्षं पाठपुरावा केला. करोनाच्या काळात आपल्याला शास्त्रज्ञ टीव्हीवर बघायची सवय लागली. या बाईंचं बहुतेक आयुष्य मात्र रक्ताच्या नमुन्यांच्या बाटल्या आणि त्यावरची लेबलं यांच्यात गेलं. म्हणूनच लिहावंसं वाटलं.

आमच्याकडची कावीळ

आधी थोडं गावाबद्दल. आमचं गाव तामलवाडी, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव (आमच्या लहानपणीचं उस्मानाबाद). सोलापूरहून तुळजापूरला गाडीने गेला असाल तर आमच्या टोलनाक्यावर थांबला असालच. कोजागिरीच्या वेळी सोलापूरकडून तुळजापूरला हजारो लोक चालत जातात, तेव्हा हा रस्ता रात्रभर जागा असतो. लोक वाटेत चहा, केळी, फराळ आणि पाणी वाटतात. पाण्याचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आमच्याकडे कावीळ 'उतरवतात'. चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुतात, पाणी पिवळं होतं, आणि कावीळ उतरली म्हणतात. किंवा डोक्यावर माळ घालतात. ती हळूहळू लांब होत गळ्यात येते आणि तिथून खाली सरकते. माळ लांबली की कावीळ गेली. गंमत म्हणजे रोगी खरंच बरा होतो! कारण पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांची आपोआपच बरी होते. चार-सहा आठवडे अंगात त्राण नसतं, जेवण नको वाटतं, मग डोळे पांढरे होऊ लागतात. माळ घातली तरी बरी होते, नाही घातली तरी बरी होते. म्हणजे माळेचा सक्सेस रेट नव्वदच्या वर. कुठल्याही मॅनेजरला हेवा वाटावा असा आकडा.

पण माझी आजी एक गोष्ट सांगायची. तिची धाकटी जाऊ, सातवा महिना चालू असलेली, काविळीने गेली. डोळे पिवळे झाल्यापासून आठवड्याच्या आत शुद्ध हरपली आणि मग बाई आणि बाळ दोघंही गेली. त्याच पावसाळ्यात घरातल्या आणखी दोघांना कावीळ झाली होती, ते दोघं पुरुष ठणठणीत बरे झाले. मग गावाने कारण शोधलं. कोण म्हणे तिने चोरून तेलकट खाल्लं, कोण म्हणे माळ नीट घातली नाही, पथ्य पाळलं नाही. आजी हे सांगताना नेहमी एक वाक्य म्हणायची, "एकाच माठातलं पाणी पीत होतो की गं आम्ही सगळी."

आजीचं हे वाक्य म्हणजे चक्क एक शास्त्रीय प्रश्न होता. पाणी तेच, आजार तोच, मग तिचाच जीव का गेला? या प्रश्नाचं उत्तर शोधायला जगाला काही दशकं लागली.

दिल्ली, १९५५

डिसेंबर १९५५ ते जानेवारी १९५६ या काळात दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९,३०० लोकांना उघड कावीळ झाली. झालं असं होतं की त्या वर्षीच्या पुरानंतर यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगडच्या नाल्याचं सांडपाणी उलटं वर, शहराला पाणी पुरवणाऱ्या पंपापर्यंत पोचलं. हे लक्षात आल्यावर अधिकाऱ्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे टायफॉइड, हगवण वगैरे वाढले नाहीत, कारण ते जंतू मेले. पण काविळीचा विषाणू त्यातून पार झाला. आणि या विषाणूला शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत सरासरी चाळीस दिवस लागतात. म्हणजे गडबड झाली नोव्हेंबरात आणि माणसं आजारी पडली डिसेंबरात.

आपल्या धंद्यातल्या लोकांना हे लगेच कळेल. बग आज डिप्लॉय झाला आणि सिस्टिम पडली चाळीस दिवसांनी. तोवर लॉगसुद्धा पुसले गेलेले असतात. आता आमच्या कोजागिरीच्या वाटेचा विचार करा. समजा एखाद्या ठिकाणी कुणी खराब पाणी प्यालं, तर तो माणूस आजारी पडणार दिवाळी उलटून गेल्यावर, शंभर किलोमीटर लांब, स्वतःच्या गावात. त्याला वाटेवरचा पेला आठवणार तरी कसा?

दिल्लीच्या साथीत डॉक्टरांना आणखी एक गोष्ट दिसली. गरोदर बायका इतरांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात दगावत होत्या. यावर १९५७ साली वेगळा शोधनिबंधही निघाला. पण विषाणू कुठला ते ओळखायची सोयच तेव्हा नव्हती. सगळ्यांनी समजून घेतलं की ही नेहमीची पाण्यातून येणारी कावीळ, म्हणजे आज जिला आपण हिपॅटायटिस ए म्हणतो ती. फाइल बंद.

पंचवीस वर्षं जुन्या बाटल्या

फाइल पुन्हा उघडली ती १९८० साली, आणि यात आपलं पुणं आहे. १९७३ साली अमेरिकेत हिपॅटायटिस एचा विषाणू दिसला, मग त्याची रक्ततपासणी आली. बी ची तपासणी आधीच होती. एनआयव्हीचे एम. ए. श्रीनिवासन, तेव्हाच्या संचालक डॉ. खोर्शेद पावरी आणि अमेरिकेतले वाँग आणि रॉबर्ट पर्सेल यांच्या गटाने जुने नमुने बाहेर काढले. १९५५-५६ च्या दिल्लीच्या साथीतलं रक्त, १९७५-७६ च्या अहमदाबादच्या साथीतलं रक्त, शिवाय पुण्यातल्या रुग्णांचं. तपासलं तर काय, ती ना ए होती ना बी! रुग्णांना हिपॅटायटिस ए लहानपणीच होऊन गेलेला होता. हा तिसराच कुणीतरी होता. त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. मोहम्मद सुलतान खुरू १९७८ च्या साथीवरून स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला पोचले.

विचार करा. १९५६ साली कुणीतरी रक्ताच्या त्या बाटल्या टाकून दिल्या नाहीत. तेव्हा त्यांचा उपयोग काय ते कुणालाच माहीत नव्हतं. पण लेबल लावून ठेवल्या, आणि पंचवीस वर्षांनी त्या बोलल्या. आपण बॅकअपबद्दल एकमेकांना इतकं लेक्चर देतो, आणि सहा महिन्यांपूर्वीचा डेटा मागितला की माना खाली घालतो.

काश्मीरमध्ये खुरूंनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते या इतिहासातलं ते सगळ्यात साधं आणि सगळ्यात मोठं काम आहे. त्यांनी नुसते रुग्ण मोजले नाहीत, लोकांचे गट पाडून मोजले. त्यांचा १९८१ चा शोधनिबंध सांगतो: २०८ गरोदर बायकांपैकी ३६ जणींना कावीळ झाली, म्हणजे १७ टक्के. त्याच वयाच्या गरोदर नसलेल्या ३३५० बायकांपैकी फक्त ७१ जणींना, म्हणजे २ टक्के. पुरुषांमध्ये ३८२२ पैकी १०७. आणि ज्यांचं यकृत अचानक निकामी झालं त्यांचे आकडे असे: ३६ गरोदर बायकांपैकी ८, १०७ पुरुषांपैकी ३, आणि गरोदर नसलेल्या ७१ बायकांपैकी शून्य.

आता हे तिन्ही गट एकत्र करा. २१४ रुग्णांत ११ जण गंभीर, म्हणजे शंभरात पाच. या पाचच्या आकड्यात बावीस टक्के असलेली गरोदर बाई दिसतच नाही, आणि शून्य टक्के असलेली तिची बहीणही दिसत नाही. डॅशबोर्डवर सरासरी रिस्पॉन्स टाइम हिरवा दिसत असतो आणि एखाद्या गावातल्या माणसाचं पान अजून उघडतच असतं, तसंच हे. फक्त इथे पान उघडण्याचा प्रश्न नाही.

विद्याताईंचं काम

१९८३ साली मॉस्कोत मिखाईल बालायान या शास्त्रज्ञाने अफगाणिस्तानातल्या आजारी सोविएत सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला (हो, बरोबर वाचलंत), आजारी पडला, आणि स्वतःच्याच विष्ठेत इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली विषाणूचे कण शोधले. ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, कारण ती सांगायला मस्त आहे. पण एका माणसात कण सापडले म्हणजे भारतातल्या साथींचा गुन्हेगार तोच, असं म्हणता येत नाही. त्यासाठी पुरावा लागतो. १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये एक शोधनिबंध आला, ज्यात अशा विषाणूसारख्या कणांचा या काविळीशी असलेला कार्यकारण संबंध मांडला होता. पहिलं नाव होतं अरणकल्ले. सहलेखकांत श्रीनिवासन, पावरी, पर्सेल आणि यकृताच्या शास्त्रातलं मोठं नाव हान्स पॉपर. १९९० साली विषाणूचा जनुकीय भाग हाती लागला आणि 'हिपॅटायटिस ई' हे नाव रूढ झालं.

पुढे अरणकल्लेंच्या गटाने जे केलं ते मला एखाद्या मोठ्या सिस्टिमच्या डीबगिंगसारखं वाटतं. एकेक शंका घ्यायची आणि ती पुराव्याने निकालात काढायची.

पहिली शंका: कोणत्या वयात होतो? त्यांनी पुण्यातल्या लोकांचं १९८२ सालचं आणि १९९२ सालचं रक्त तपासलं. हिपॅटायटिस ए जवळजवळ सगळ्यांना लहानपणीच होऊन गेलेला. ई मात्र मुलांत क्वचित, आणि तरुणपणी सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत चढलेला. दोन्ही विषाणू त्याच घाणीतून, त्याच पाण्यातून येतात, तरी हा फरक! आणि या फरकातच आजीच्या जावेची गोष्ट आहे. ए लहानपणी येऊन जातो, म्हणून गरोदरपणात त्रास देत नाही. ई नेमका त्या वयात गाठतो ज्या वयात आपल्याकडच्या मुलींची लग्नं होतात आणि पाळणा हलतो. १९९४ च्या त्याच निबंधात देशातल्या अनेक जुन्या साथींचे नमुनेही होते, आणि त्यातल्या बहुतेक साथी ईच्याच निघाल्या.

दुसरी शंका: फक्त पाण्यातूनच येतो का? १९९९-२००० च्या सुमाराला त्यांनी रक्त घेतलेल्या रुग्णांचे नमुने मागे जाऊन तपासले आणि दाखवलं की दिलेल्या रक्तातूनही हा विषाणू जाऊ शकतो. ज्यांना वरचेवर रक्त घ्यावं लागतं, त्यांच्यासाठी ही साधी बातमी नाही.

तिसरी शंका: डुकरांमुळे होतो का? गावात साथ आली की पहिलं बोट डुकरांकडे जातं. २००२ साली त्यांच्या गटाने दाखवलं की पश्चिम भारतात माणसांत सापडणारा विषाणू आणि डुकरांत सापडणारा विषाणू वेगवेगळ्या जातकुळीचे आहेत. माणसांतला पहिल्या जीनोटाइपचा, डुकरांतला चौथ्या. म्हणजे आपल्या साथींचं खापर डुकरांवर फोडून कुणाला मोकळं होता येणार नाही. गटार पाण्याच्या पाइपमध्ये शिरतंय, ते बघा.

चौथी शंका: आणखी कुणाला धोका? २००३ साली सांडपाण्याच्या कामगारांचा अभ्यास आला. त्यांच्या रक्तात ईच्या संसर्गाच्या खुणा इतरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होत्या. आपण ज्याचा पाइप मोकळा झाला म्हणून खूश होतो, त्यात उतरणारा माणूस त्या अभ्यासाच्या आकड्यांत आहे.

पुढे त्यांच्या प्रयोगशाळेत गरोदर रुग्णांची प्रतिकारशक्ती कशी वेगळी वागते यावर काम झालं, आणि माकडांवर लसीचे प्रयोगही झाले (ते २००९ साली छापून आले). काविळीच्या बाहेरही त्यांनी काम केलं. २००५-०६ ला चिकुनगुन्याने मराठवाड्यात लोकांना वाकवलं, ते आमच्याकडे अजून कुणी विसरलेलं नाही. तेव्हा त्यांच्या गटाने १९६३ पासूनच्या जुन्या विषाणूंशी नवा विषाणू ताडून बघितला आणि दाखवलं की जुना आशियाई वाणाचा होता, नवा आफ्रिकी वाणाचा आहे. पुन्हा तेच. जुनं जपून ठेवलं होतं म्हणून नवं ओळखता आलं. एनआयव्हीनंतर त्या पुण्यातच भारती विद्यापीठाच्या 'इर्शा' या संशोधन संस्थेत काम करू लागल्या.

मग प्रश्न सुटला का?

अर्धा. गरोदरपणात हा विषाणू इतका का पिसाळतो, यावर हार्मोन्स, प्रतिकारशक्तीचा बदललेला तोल, आहार अशी कारणं मांडली जातात, पण एकच असं पक्कं उत्तर अजून नाही. इजिप्तमध्येही पहिल्याच जीनोटाइपचा विषाणू आहे, पण तिथे गरोदर बायका अशा दगावत नाहीत. युरोपात तिसरा जीनोटाइप आहे. तिथे २००८ साली फ्रान्समधल्या डॉक्टरांना दिसलं की मूत्रपिंड वगैरे बदललेल्या रुग्णांत हा विषाणू महिनोन्‌महिने ठाण मांडून बसतो. म्हणजे प्रत्येक ठिकाणी तो दुबळी जागा हेरतो, फक्त जागा वेगळी.

लसीची गोष्ट तर चटका लावणारी आहे. पहिली चांगली लस नेपाळमध्ये तपासली गेली, २००७ साली निकाल आले, ९५ टक्के परिणामकारक! पण तपासली कुणावर? सैनिकांवर, म्हणजे जवळजवळ सगळ्या पुरुषांवर. ती लस पुढे बाजारात आलीच नाही. दुसरी लस चीनमध्ये लाखाहून जास्त लोकांवर तपासली गेली आणि २०११ साली तिला तिथे परवाना मिळाला. तीही चाचणी गरोदर बायकांना वगळूनच झाली. साथीत ती पहिल्यांदा वापरली गेली २०२२ साली, दक्षिण सुदानमधल्या बेंटिउच्या छावणीत, आणि तिथे गरोदर बायकांनाही दिली गेली. पहिल्या निबंधापासून पासष्ट वर्षांनी. भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही.

म्हणजे सध्या आपल्या हातात आहे ते पाणीच. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ येऊन गेली, माणसं गेली. ते काही आडबाजूचं खेडं नाही, कापडाच्या उद्योगाचं शहर आहे.

माहेरचं पाणी

आता हे सगळं शनिवारी सकाळी बसून का लिहितोय, तर माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला तामलवाडीला येणार आहे. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि मुलीला माहेरी आणायची, ही आपली रीत. छान रीत आहे, आईच्या हातचं खायला मिळतं, विश्रांती मिळते. पण काविळीच्या हिशेबाने बघा. शेवटचे तीन महिने म्हणजे सगळ्यात धोक्याचे. त्या काळात कावीळ ई झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. आणि नेमक्या त्याच वेळी आपण मुलीचं घर आणि पाणी दोन्ही बदलतो.

म्हणून रीत मोडायची असं मी म्हणत नाही. आईने तसं ऐकूनही घेतलं नसतं. पण मागच्या आठवड्यात घरी फोन करून ओटीच्या साडीच्या आधी पाण्याचं बोललो. ती येईल त्या दिवसापासून घरात प्यायचं पाणी खळखळून उकळलेलंच, तिच्या एकटीसाठी नाही, सगळ्यांसाठी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर टाकतो का, ओटी टेस्ट करतो का, ते वडील जाऊन बघणार आहेत. दिल्लीची गोष्ट लक्षात असल्यामुळे मी सांगितलं की क्लोरीन हवंच, पण पाइप गटारातून जात असेल तर नुसत्या पावडरीवर विसंबू नका. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली तर माळ नाही, चुना नाही, त्याच दिवशी सोलापूरला मोठ्या दवाखान्यात. आशाताईंनाही सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, गावात आणखी चार जणी आहेत सातव्या-आठव्या महिन्यातल्या, त्यांच्या घरी पण सांगते.

त्या चार जणी मला माहीत नव्हत्या. आशाताईंच्या वहीत मात्र होत्या, नाव आणि महिन्यासकट. दिल्लीतल्या त्या बाटल्यांवरची लेबलं, काश्मीरमधली ती ३६ बायकांची यादी आणि ही वही, माझ्या मते एकाच जातीच्या वस्तू आहेत.

आई फोनवर शेवटी म्हणाली, "एवढं पाणी उकळायचं तर गॅस किती जाईल माहितीय का?" मी म्हटलं, सिलिंडरचे पैसे माझ्याकडून. असो. वाचणाऱ्यांपैकी कुणाची बहीण-बायको माहेरी निघाली असेल तर आजच फोन करा, पुढच्या शनिवारची वाट बघू नका.